घंटीचे सेल

माझे धाकटे दीर घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी लग्न केलं नाही. माणसांपेक्षा घड्याळं बरी, उघडून तरी बघता येतात, असं म्हणायचे. आमच्या घरात खाली रस्त्याला लागून त्यांचं दुकान, त्यामागे माझं स्वयंपाकघर आणि वर झोपायच्या खोल्या. डोळ्याला भिंग लावून ते एकदा स्टुलावर बसले की जेवायला हाक मारेपर्यंत हलत नसत. पुढे किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं, दुकान बंद पडलं. बऱ्याच प्रतीक्षेनंतर कुणा अनोळखी मृत माणसाच्या घरच्यांनी दान केलेली किडनी त्यांना मिळाली. ऑपरेशन होऊन घरी आले ते थेट वरच्या पलंगावर.

"नवा भाग बसवला की घड्याळ हलवायचं नसतं, वहिनी."

मला ते लगेच पटलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला सेवा आणि टापटीप शिकवली. विचार करणं बहुधा वरच्या इयत्तेत असावं. भाऊजींनी पडल्यापडल्या एक घंटी जुळवली. बटण त्यांच्या उशाशी, घंटी माझ्या ओट्यावर. ती वाजली की मी वर. पाणी द्या, चष्मा द्या, खिडकी लावा, आता उघडा. डायरीत मी सुवाच्य अक्षरात लिहायचे, 'आज भाऊजींना जमिनीला फारसे पाय लावावे लागले नाहीत.' खाली रेघ, तीही पट्टीने.

तपासणीच्या दिवशी शेजारच्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट खाली उतरवलं. मी पुढे, काचेचं कपाट हलवत असल्यासारखी "जपून, जपून" करत.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. "किडनी झकास आहे. आता हात न टेकता खुर्चीतून उठा बघू."

भाऊजी अर्धवट उठले आणि धपकन बसले. पुन्हा तेच. मला राहवेना. "अहो, असं उठायचं!" म्हणत मी टुणकन उठून दाखवलं. एकदा नव्हे, चारदा.

बाई माझ्याकडे वळल्या. "आजी, दिवसभर काय करता?"

मी अभिमानाने घंटीची हकिगत सांगितली.

"म्हणजे किडनी यांना मिळाली आणि व्यायाम तुम्हाला!" त्या हसल्या, पण पुढचं भाऊजींकडे बघून बोलल्या ते हसून नाही. "काका, ऑपरेशननंतर जे हिंडतेफिरते राहतात ते सहसा जास्त जगतात. पडून राहिलात तर किडनी चांगली असूनही तुमचं काही खरं नाही. घरात चाला. कठडा धरून जिना सुरू करा."

घरी आल्यावर भाऊजी पुन्हा पलंगावर. "त्यांना काय जातंय सांगायला? जिन्यात किडनी हलली म्हणजे?"

"मनगटावर हलत राहिलं की चालणारी घड्याळं असतात ना?"

"मला घड्याळं शिकवू नका, वहिनी."

दुसऱ्या दिवशी मी घंटीतले सेल काढले. इतक्या वर्षांत केलेली ही माझी पहिली चोरी. ओट्याशी बसून राहिले. वर बटण दाबल्याचा खटखट आवाज आला. पाय सवयीने जिन्याकडे निघाले, त्यांना दामटून बसवलं. मग पलंग करकरला. पाऊल वाजलं. थांबलं. बराच वेळ काहीच नाही. आपण या माणसाला मारलं, असं वाटलं.

तेवढ्यात भाऊजी दारात. धापा टाकत, हातात स्क्रू-ड्रायव्हर. बंद पडलेली वस्तू घरात आहे म्हटल्यावर त्यांना कसली झोप!

"घंटी बिघडलीय तुमची." खुर्चीत बसून त्यांनी ती उघडली. "यातले सेल कुठे गेले?"

"तुमच्या कपाटात. वर."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "सिस्टरांनी हेच शिकवलं?"

"बरं बाई, आणते," असं म्हणून मी पहिल्या पायरीवर पोचलेसुद्धा.

"बसा खाली!" भाऊजी ओरडले. "किडनी कुणाला मिळालीय?"

टेबलाला रेटा देत ते उठले, आणि कठडा धरून वर निघाले.