टोचनला कोण बसलं होतं?

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या घरात देवच नाहीत, तर भुतं कुठून येणार? उभा जन्म गॅरेजमध्ये गेला. गाडी बंद पडली की तिला काहीतरी कारण असतं, एवढंच माझं शास्त्र. कचरा अडकला असेल, वायर तुटली असेल, नाहीतर मालकाचं डोकं फिरलं असेल. त्यामुळे असले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलो. आता स्वतःचाच लिहायला बसलोय... तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. नाशिकला पेठ रोडवर, नाक्याच्या जरा पुढे माझं गॅरेज होतं. तिथून आत वळलं की डोंगरावर धरणाच्या कामावरच्या लोकांची कॉलनी. ओव्हरसियर, क्लार्क, ड्रायव्हर, सगळ्यांची क्वार्टर्स वर. जायला एकच रस्ता आणि त्याला वळणंच वळणं. मध्येच एक नाला होता. म्हणजे चढता चढता एकदम खाली उतरायचं, नाल्यावरचा अरुंद पूल ओलांडायचा आणि पुन्हा उभा चढ. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि कठडा म्हणाल तर नावाला नाही.

उन्हाळा लागला की त्या चढावर गाड्या हमखास बसायच्या. मग निरोप यायचा आणि माझी जीप निघायची. मिलिटरीच्या लिलावात घेतलेली जीप, तिचा आवाज एवढा की शेजारी बसलेल्यालाही ओरडून सांगावं लागे. बंद गाडीला दोर बांधून ओढत न्यायचं, याला आम्ही टोचन म्हणतो. लोकांना वाटतं, ओढणाऱ्याचंच काम अवघड. साफ चूक! खरं काम मागच्या बंद गाडीत बसणाऱ्याचं. स्टिअरिंग त्याने सांभाळायचं. उतार आला की बेताने ब्रेक दाबून दोर ताणलेला ठेवायचा, नाहीतर मागची गाडी पुढच्याच्या पाठीत बसते. नवशिक्याला टोचनला बसवलं की माझा जीव वर-खाली व्हायचा.

त्या दिवशी दुपारी वरून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने निरोप दिला, "मिस्त्री, सोनवणे साहेबांची गाडी चढावर बंद पडलीय. म्हातारी आहे आत."

दिनकर सोनवणे म्हणजे कॉलनीतले ओव्हरसियर. माणूस कामाला चोख, पण बोलणं कायम तुटक. हसताना मी तरी कधी पाहिलं नव्हतं. कितव्या तरी मालकाची जुनी मोटार त्यांनी घेतली होती. जाऊन पाहतो तर क्लचप्लेट जळालेली, वास लांबूनच येत होता. हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून मागच्या चाकांना दोन दगड लावले होते. मागच्या सीटवर त्यांची आई बसलेली. नाशिकला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून तिला घरी नेत होते. तेव्हा एका डोळ्याचं ऑपरेशन असलं तरी दोन्ही डोळे बांधून ठेवत. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिसका अजिबात बसता कामा नये, टाका सुटला तर डोळा गेला.

"जयभीम, मावशी," मी म्हणालो. "घाबरू नका, अलगद नेतो."

"जयभीम रं बाबा. मी कशाला घाबरू? दिनू हाय ना."

माझ्या जीपमध्ये बसवलं असतं तर तिची हाडं खिळखिळी झाली असती. म्हणून तिला मोटारीतच राहू दिलं. मी दोर बांधत होतो आणि सोनवणे साहेब डोक्यावर उभे राहून वैतागत होते. "एकदा पट्टी सुटली की नेऊन सोडतो गावच्या घरी, येवल्याला. दोन खोल्यांचं क्वार्टर, पोरांचा अभ्यास, आमच्या घरात रोजची कटकट. कुठे ठेवू हिला?"

"आणि तिकडे कोण आहे?"

"कोणी नाही. शेजारीपाजारी बघतील."

गाडीच्या काचा उघड्या होत्या. म्हातारीने सगळं ऐकलं असणार. पट्टीखाली तिचा चेहरा काही हलला नाही, पण मांडीवरची पिशवी तिने घट्ट धरली. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण गिऱ्हाईकाच्या घरात नाक खुपसायचं नाही, असा माझा नियम होता.

साहेबांना मी नीट समजावून सांगितलं. मी जीप पुढे घेऊन दोर ताणतो. गाडी दोरावर आली की दगड काढा, आणि काढलेले दगड कडेला टाका. रस्त्यात दगड तसेच टाकून जाणाऱ्यांचा मला भयंकर संताप येतो. मागून येणारा स्कूटरवाला मरतो ना! मग आत बसा आणि खिडकीतून हात दाखवा. हात दिसल्याशिवाय मी हलणार नाही.

मी दोर ताणला. आरशात पाहत थांबलो. थोड्या वेळाने मोटारीच्या ड्रायव्हरच्या खिडकीतून हात बाहेर आला आणि हलला, "चला" म्हणतात तसा. समोरच्या काचेवर ऊन चमकत होतं, चेहरा दिसला नाही. पण हात मी पाहिला. आजही शपथेवर सांगेन. मी गिअर टाकला आणि निघालो.

पहिलं वळण... गाडी अशी अलगद आली मागे की काय सांगू! दुसरंही तसंच. नाल्याचा उतार आला तेव्हा मी श्वास रोखून बसलो. आता बसणार धक्का, आता बसणार... पण दोर जरासुद्धा ढिला पडला नाही. मागचा माणूस बेताने ब्रेक दाबत होता. पूल ओलांडला, पुन्हा चढ लागला. मला वाटलं, साहेबांना आपण उगाच कमी समजलो. माणूस आईला सांभाळून आणतोय.

कॉलनीच्या फाटकाशी सपाट जागेवर थांबलो. उतरून मागे गेलो आणि मोठ्यानेच म्हणालो, "वा साहेब! टोचनला बसावं तर असं!"

ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नव्हतं.

दार बंद होतं. मी वाकून खाली पाहिलं, पलीकडे पाहिलं, मूर्खासारखं सीटवर हात फिरवून पाहिलं. मागे म्हातारी एकटीच, एक हात पुढे करून, पुढच्या सीटच्या वर हवेत काहीतरी धरल्यासारखा.

"उतरला का दिनू?" ती म्हणाली. "आत्ता तं इथं खांदा होता त्याचा."

  तेवढ्यात वळणं टाळून सरळ वर येणाऱ्या पायवाटेने धापा टाकत, ठेचकाळत कोणीतरी वर येताना दिसलं. सोनवणे साहेब! शर्ट घामाने चिंब, गुडघा फुटलेला, आणि हातात अजून तो दगड. एक दगड कडेला टाकून दुसरा उचलला, तोच गाडी निघाली होती. त्यांनी बोंब मारली, पण माझ्या जीपपुढे त्यांचा आवाज कुठला ऐकू येणार? बिनड्रायव्हरची गाडी, आत डोळे बांधलेली आई, आणि बाजूला दरी. त्या पायवाटेने ते कसे वर आले त्यांचं त्यांनाच ठाऊक. प्रत्येक वळणावर वाटत होतं, आता खाली कोसळल्याचा आवाज येणार, असं नंतर म्हणाले.

त्यांनी दार उघडलं आणि आईचे हात, तोंड चाचपायला लागले. "आई... लागलं का? आई, हिसका बसला का?"

"हिसका कशाला बसंन? पाण्यावानी आणली तू गाडी." म्हातारीने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "अन् रडतो काय असा? मगाशी बोलताना तं नाय रडला."

"काय... काय बोललो मी?"

"आता इसरला व्हय? त्या उतारावर म्हणला ना, आई, माझा खांदा धर. मी धरला. मंग म्हणला, आई, तुला येवल्याला नाय धाडत. माझ्याजवळच ऱ्हा. लय दिवसांनी बोलला रे दिनू. लय बरं वाटलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पांढरेफटक पडले होते.  

मग ते म्हणाले, "हो आई. म्हणालो मी."

आता माझं मिस्त्रीचं डोकं. दुसऱ्या दिवशी मी एक रिकामी गाडी सपाट रस्त्यावर टोचन करून पाहिली, स्टिअरिंगला कोणी नाही. पहिल्याच वळणाला ती सरळ शेतात गेली. एक जण म्हणाला, म्हातारी बेरकी, तिने मुलाचं बोलणं ऐकलं होतं, नंतरचं सगळं रचलं. ठीक आहे, बोलणं रचलं असेल. पण मग स्टिअरिंग कोणी फिरवलं? मागच्या सीटवरून, डोळे बांधून, तिने? उतारावर ब्रेक कोणाच्या पायाने दाबला? आणि तो हात? त्या रस्त्यावर पूर्वी कोणी मेलं होतं का, तेही विचारून आलो. कोणी नाही. असतं तर निदान एक कारण तरी सापडलं असतं.

म्हातारीचा डोळा चांगला झाला. ती येवल्याला गेली नाही. त्याच दोन खोल्यांत, त्याच कटकटीत, शेवटपर्यंत राहिली. खरं काय ते तिला आम्ही दोघांनीही कधी सांगितलं नाही.

ती गेली त्यानंतर मी भेटायला गेलो होतो. साहेब बाहेर ओट्यावर बसले होते. 

म्हणाले, "पगारे, जाताना आई काय म्हणाली माहितीये? दिनू, तू माझं सगळं केलंस. पण बोललास मात्र त्या एकाच दिवशी, गाडीत. तसं पुन्हा नाही बोललास."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकलो.

"मी खूप प्रयत्न केला हो," ते म्हणाले. "तिच्या उशाशी बसायचो. पण तोंडातून शब्दच निघायचे नाहीत. त्या दिवशी जो कोणी बोलला ना... त्याच्यासारखं मला कधीच जमलं नाही."

तो कोण होता, मला आजही माहीत नाही.