मऊचं झालं हऊ

काळाचौकीला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने घरीच लिप ग्लॉस बनवला. त्यात बिटाचा रस होता, कोकमाचं तेल होतं आणि ओठ भरलेले दिसावेत म्हणून लवंगेचं तेलही होतं.

"खरा रिव्ह्यू दे हां, उगाच गोड बोलू नकोस," म्हणत तिने मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवला आणि व्हिडिओ चालू केला.

मी ग्लॉस लावला. रंग छान होता, तसं मी सांगितलंही. पण मग ओठांना मुंग्या आल्या आणि थोड्या वेळात मला ओठ आहेत की नाहीत तेच कळेना.

"हार हऊ आणि हस्त आहे," मी कॅमेऱ्यात बघून म्हणाले. मला म्हणायचं होतं, फार मऊ आणि मस्त.

बहीण हसून हसून खाली बसली. "अगं, लवंगेच्या बाटलीचं झाकणच निसटलं होतं!"

तेवढ्यात मामी आत आली. "काय झाला गो तोंडाक? दाढ काढलंस?"

"नाही, हाही," मी म्हणाले.

मामीने काही न ऐकता मऊ पेज केली आणि मला चमच्याने भरवली. निम्मी हनुवटीवरून ओघळली.

ही गोष्ट चाळीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे काका दाढदुखीने हैराण होते. ते दारात येऊन हळूच म्हणाले, "थोडं उरलंय का गं?"

संध्याकाळभर ते गॅलरीत गुलाबी तोंडाने अगदी सुखात बसले होते.