गोल्ड मेंबरची उशी

शेषरावकाका हॉटेलात राहायला जाताना उशी घरून न्यायचे. एका हातात बॅग आणि दुसऱ्या काखेत फुलाफुलांच्या अभ्र्यातली कापसाची उशी. बाभुळगावच्या स्टँडवर ते असे एसटीची वाट पाहत उभे राहिले की कोणी ना कोणी विचारायचंच, "काय काका, दवाखान्यात कोन भरती हाये?" काका शांतपणे सांगायचे, "कोनी नाही बाप्पा. हॉटेलात चाललो. चार तारे हायेत त्याले."

काका आमचे शेजारी. गावाबाहेरच्या जिनिंगच्या कारखान्यात ते ग्रेडर होते, म्हणजे आलेल्या कापसाची प्रत ठरवणारे. ढिगातून चिमूटभर कापूस उचलायचा, दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, पुन्हा जोडून पुन्हा ओढायचा, आणि शेवटी उरलेले सरळ तंतू काळ्या पँटवर, मांडीवर ठेवून पाहायचे. तेवढ्यात त्यांना धाग्याची लांबी कळायची, ओलावा कळायचा, आणि लोक म्हणायचे की शेतकरी घरून भांडून आलाय का तेही कळायचं. शेवटच्या वेचणीच्या हलक्या कापसाला फरदड म्हणतात. काकांच्या तोंडी तो शब्द कापसापुरता नव्हता. पातळ चहा फरदड, सरपंचाचं भाषण फरदड, आणि माझं बारावीचं फिजिक्सही एकदा फरदड ठरलं होतं.

कापसाच्या गाठी सूतगिरणीत गेल्या की कधीकधी तक्रार यायची, नमुना दाखवला एक आणि माल पाठवला दुसरा. मग ते भांडण मिटवायला काका जायचे. कधी अहमदाबाद, कधी कोइमतूर, पण बहुतेक वेळा नागपूर. मुक्कामाची सोय व्यापारी एकाच कंपनीच्या हॉटेलांत करायचे. तिथल्या काउंटरवरच्या कोणीतरी काकांना मेंबर करून टाकलं. प्रत्येक मुक्कामाचे पॉइंट जमत गेले आणि काकांचं निळं कार्ड आधी चंदेरी, मग सोनेरी झालं. गोल्ड मेंबर म्हणजे काय हे गावात कोणालाच नीट माहीत नव्हतं. कांताकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बरेच दिवस वाटायचं की ते पतसंस्थेचं काहीतरी आहे.

"एवढे गोल्ड मेंबर तुम्ही, मग उशी कशाला नेता?" मी एकदा विचारलं.

"हॉटेलातली उशी प्लास्टिकच्या धाग्यानं भरली असते व. दिवसभर कापूस पाहाचा अन झोपाचं प्लास्टिकवर? कापसाले काय वाटन?"

पुढे त्या मेंबरगिरीचं सगळं मोबाईलवर आलं, तेव्हा काका मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे गल्लीत कोणताही इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे यायचा. काकांचा ई-मेल नव्हता, म्हणून मी माझाच दिला. त्या दिवसापासून ते मला 'मॅनेजर' म्हणू लागले. खरं सांगायचं तर मला त्यातलं फार कळत नव्हतं. एकेक वाक्य मी तीनदा वाचायची आणि बटण दाबायच्या आधी चौथ्यांदा.

काका निवृत्त झाले. त्यानंतरच्या जुलैत एक मेल आला. काकांची एक फुकट रात्र शिल्लक होती. नागपुरातल्या कंपनीच्या तीन हॉटेलांपैकी कुठेही ती घालवता येणार होती, पण ठरावीक तारखेला संध्याकाळी सहाच्या आत हॉटेल निवडलं नाही, तर ती रात्र जाणार होती. योगायोग असा की त्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी माझा नागपूरला एम.एस्सी.चा प्रवेश होता. मी मेल वाचून दाखवला तेव्हा काकू तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "या खेपेले मले नेता का?"

काका गडबडले. तीस वर्षांच्या संसारात काकूंनी एकही हॉटेल आतून पाहिलं नव्हतं.

इथे एक जुनं भांडण सांगायला हवं. काका मुक्कामाला असले की रोज संध्याकाळी घरी फोन करायचे, आणि नागपूरहून आलेल्या फोनमागे हमखास बँड वाजत असायचा. काका सांगायचे, खिडकीसमोरच्या गच्चीवर एक बँडवाला सराव करतो. काकूंना हे कधीच पटलं नाही. "तुमी सौद्याले जाता का लग्नाले?" हा त्यांचा प्रश्न अकरा वर्षं कायम होता. एकदा काकांनी पुरावा म्हणून फोन खिडकीबाहेर धरला. सूर आणखी मोठ्यानं आले. काकू म्हणाल्या, "बरं, जेवाले काय होतं थे तरी सांगा."

काकांनी मात्र मोठा बेत आखला. "कांते, तुले टबात बसवतो. पान्यात. राणीसारखं." मी म्हणाले, फोटो पाहून आत्ताच हॉटेल निवडून टाकू, उशीर नको. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ओल्या कापसाची गाडी आणून उभी केली. "फोटो पाहून कापूस घेतला काय कोनी? माल हातात घेतल्याबिगर हो म्हनाचं नाही, मॅनेजर. तिन्ही पाहू. मंग ठरवू."

आणि खरंच आम्ही तिघं त्या शेवटच्या तारखेला नागपूरला गेलो. उशी सगळ्या प्रवासात काकूंच्या मांडीवर होती.

पहिलं हॉटेल वर्धा रोडवरचं. दार आपोआप उघडलं तेव्हा काकू थबकल्या आणि ते बंद होऊन पुन्हा उघडेपर्यंत बाहेरच राहिल्या. काकांनी काउंटरवर कार्ड ठेवलं. "गोल्ड मेंबर. अन ह्या आमच्या मॅनेजर." काउंटरवरच्या मुलानं माझ्या कॉलेजच्या सॅककडे पाहिलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण मेंबरांना स्वागताचं सरबत द्यायची पद्धत असल्यामुळे तिघांना हिरवं सरबत आलं. मग काकांनी खोली दाखवायला सांगितली. टॉवेल उलटा करून त्याचा एक धागा ओढला, बोटांवर गुंडाळला, उजेडाकडे धरला. गादी कोपरानं दाबली. उशी उचलून कानाजवळ हलवली.

"टावेल चांगला. गादी ठीक. उशी फरदड."

सोबत आलेला माणूस वहीत काहीतरी लिहू लागला. त्याला वाटलं असावं, वरून तपासणी आलीय. त्यानं काकूंना नम्रपणे विचारलं, "मॅडम, तुम्हाला काही विचारायचंय?"

"खिडकी उघडते का?"

"नाही मॅडम, एसी आहे ना."

"बरं," काकू म्हणाल्या. एवढंच.

दुसरं हॉटेल तलावाजवळचं. इथे सरबत लाल होतं. काउंटरवरची मुलगी फार शुद्ध बोलत होती. काकांनी तिचं दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काहून व, दिग्रसकडची का तू?" मुलीनं डावीउजवीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हो जी. तुमाले कसं समजलं?" काका म्हणाले, "धागा वढला." मग त्या मुलीनं आम्हाला सगळ्यात चांगली खोली दाखवली. तिथे टब होता. पांढरा, माणूस झोपेल एवढा. काकांनी चपला काढल्या आणि ते सरळ त्या कोरड्या टबात पाय लांब करून बसले.

"लांबी बराबर हाये," आतून आवाज आला. "कांते, ये ना."

"उठा जी. पोरगी हासून राह्यली," काकू म्हणाल्या. दिग्रसची मुलगी भिंतीकडे तोंड करून हसत होती. मलाही आवरेना. दोन सरबतं पोटात होती आणि हसताना ती डचमळत होती.

काका टबातूनच म्हणाले, "ठरलं. हेच. मॅनेजर, दाब." पावणेपाच वाजले होते. मी मोबाईल काढला.

"खिडकी उघडते का?" काकूंनी विचारलं. मुलगी म्हणाली, नाही जी, कुठलीच नाही उघडत.

"मंग तुमचं थे ठेसनाजवळचं पाहू."

काकांचा चेहरा पडला. स्टेशनजवळचं हॉटेल या तिन्हींत सगळ्यात जुनं, आणि काका नागपुरात नेहमी उतरायचे ते तिथेच. "तिथं काय हाये पाहाले? लिफ्ट अर्धे दिवस बंद. फिनाईलचा वास. इथं टब हाये, कांते."

"अकरा वर्स तुमी टबात झोपत होते काय? जिथं झोपत होते थे दाखवा."

ऑटो गर्दीत अडकला. मी दर दोन मिनिटांनी वेळ पाहत होते आणि काका रस्त्याकडे. फुकटची रात्र हातची जाणार असं मला वाटत होतं, पण बोलायची हिंमत होत नव्हती. पोहोचलो तेव्हा साडेपाच होत आले होते. दारावरचा वॉचमन धावत आला. "अरे, उशीवाले साहेब!" त्यानं बॅग सोडून आधी उशी घेतली. तिसरं सरबत आलं तेव्हा मी नको म्हणाले. काका म्हणाले, "हक्काचं हाये. पिऊन घे."

तिसऱ्या मजल्यावर काकांची नेहमीची खोली रिकामी होती. मला एक गोष्ट जाणवली. दोन हॉटेलांत प्रत्येक टॉवेलचा धागा ओढणाऱ्या काकांनी इथे कशालाच हात लावला नाही. ते दाराशीच उभे राहिले. घरी पाहुणे आल्यावर पोपडे निघालेल्या भिंतीपुढे माझे बाबा असेच उभे राहतात.

काकूंनी खिडकीवर दोन चापट्या मारल्या. ती उघडली. समोर गच्ची होती. पाण्याची टाकी, वाळत घातलेली एक चादर आणि कोपऱ्यात उलटा ठेवलेला मोठा ढोल. माणूस कोणी नव्हता.

पावणेसहा झाले. "लग्नसराई संपली ना," काका म्हणाले. "गावाले गेला असन." काकू खिडकीचे गज धरून उभ्या राहिल्या. काका माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "मॅनेजर, तलावाजवळचंच दाबून टाक. निदान टब तरी." मी काकूंच्या पाठीकडे पाहिलं. मला ते बटण दाबवेना.

मग गच्चीचं दार वाजलं. बनियनवर, गळ्यात टॉवेल टाकलेला एक माणूस बाहेर आला. त्यानं हातातला ट्रम्पेट टॉवेलनं पुसला, घसा खाकरला आणि वाजवायला सुरुवात केली. फार चांगलं वाजवत नव्हता.

काकूंनी एक बोट वर केलं. "थांबा. आता चुकन."

आणि तो नेमका चुकला. सूर घसरला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

काकू पलंगावर बसल्या आणि इतकं हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हाच व. हाच मेला. अकरा वर्स झाले, तिथंच चुकते." मग काकाही हसू लागले. समोरच्या माणसानं काकांना ओळखलं, ट्रम्पेट उंच करून सलाम केला आणि पुन्हा तिथेच चुकला. काकांची छाती एवढी फुगलेली मी त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिली नव्हती.

"कांते, टब?"

"बाल्टी हाये ना. दाब व मॅनेजर."

सहाला चार मिनिटं कमी असताना मी दाबलं. गोल्ड मेंबरला एक जादा गादी फुकट होती, ती माझी झाली. घरून आणलेली उशी त्या रात्री काकूंना मिळाली.

सकाळी मला भूक नव्हती. एवढं मोठं कॉलेज, आणि आपल्याला काही विचारलं तर? काका पोहे खाता खाता म्हणाले, "तुले वाटते थे तुले पाहून राह्यले. तू बी त पाहाले चालली ना? माल हातात घे. इचार." मी गेले. प्रवेश झाला. होस्टेलच्या ऑफिसात बाई अर्जावर शिक्का मारत होत्या. आतापर्यंत कुठल्याच ऑफिसात मी कोणी विचारल्याशिवाय काही बोलले नव्हते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, खोलीची खिडकी उघडते का?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एकशे सातची नाही उघडत. दोनशे अकराची उघडते." मी म्हणाले, मग दोनशे अकरा द्या.

त्याच खोलीत बसून हे लिहिते आहे. काका गेल्या पोळ्यानंतर गेले. दोन दिवसांचा ताप, बस्स. मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्या मेंबरगिरीला ई-मेल माझाच दिलेला होता, त्यामुळे पत्रं अजून मलाच येतात. कार्ड सोनेरीचं पुन्हा निळं झालं तेही मलाच कळवलं. दिवाळीत गावी गेले तेव्हा एक आलं होतं. काकूंना सांगावं की नाही, मला कळेना. शेवटी मी मराठी करून वाचून दाखवलं. "प्रिय शेषराव, बऱ्याच दिवसांत तुम्ही आला नाहीत. आम्हाला तुमची आठवण येते. आम्ही तुमची वाट पाहत आहोत."

काकू खाटेवर बसल्या होत्या. उशी मांडीवर होती, तसाच फुलाफुलांचा अभ्रा. त्या बराच वेळ अभ्र्याची शिवण बोटानं चाचपत राहिल्या.

"उश्या बदलल्या का, इचार त्याहिले," त्या म्हणाल्या. "बदलल्या असन त जाऊ आपन दोघी." मग त्यांनी उशी दोन्ही हातांनी झटकून सारखी केली. "नाही बदलल्या त ही हायेच."