बरोबरीत लिहिलेला डाव

बाबांनी मला शिकवलं ते देशी बुद्धिबळ. त्यात प्यादं एका वेळी एकच घर चालायचं आणि राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता यायची. गिरणीतून आले की ते चहा घेत आणि पट मांडत. इंदोऱ्यातल्या आमच्या गल्लीत मुलीला पटावर बसवणारे ते एकटेच होते.

मी कॉलेजात असताना, सत्तर सालच्या सुमाराला, सीताबर्डीच्या फुटपाथवर मला एका जुन्या जगज्जेत्याच्या डावांचं इंग्रजी पुस्तक मिळालं. तो माणूस मी जन्मायच्या आधीच वारलेला. मी चाल वाचायची आणि बाबांनी मोहरा हलवायचा, असं आम्ही सुरू केलं. पहिल्याच चालीला बाबा अडले.

"हे प्यादं दोन घरं काहून चाललं वं?"

मी आंतरराष्ट्रीय नियम समजावून सांगितला. तो काही त्यांना फारसा पटला नाही. किल्लेकोट मात्र आवडला. राजा आणि हत्ती एकाच चालीत हलतात, म्हणजे घरची माणसं संकटात एकमेकांसाठी जागा करतात तसं, असं ते म्हणाले.

पुढची चाल हाताने झाकायची आणि आधी आपण विचार करायचा, ही युक्ती बाबांचीच. आम्ही हल्ले शोधायचो. हात काढला की जगज्जेत्याने एखादं प्यादं नाहीतर उंट जरासा सरकवलेला असायचा. "हा तं काहीच करून नाही राहिला," असं बाबा म्हणायचे. आणि थोड्या वेळाने समोरच्याला धड हलायलाही जागा उरलेली नसायची. सगळ्यात जास्त मी शिकले ती त्याच्या डावांच्या शेवटच्या टप्प्यातून. मोहरे कमी झाले की तो राजाला कोपऱ्यात लपवून ठेवत नसे. त्याला बाहेर काढून लढायला पाठवायचा, मग त्यापायी एक-दोन प्यादी गेली तरी त्याला फिकीर नसे.

त्या हिवाळ्यात धरमपेठेतल्या एका क्लबाने खुली स्पर्धा ठेवली. खुली म्हणजे सगळ्यांना खुली असेल, असं समजून मी नाव दिलं. सेक्रेटरींनी आडनाव विचारलं, मग मोहल्ला विचारला, आणि मग नाव लिहिलं. स्पर्धेत बाई मी एकटीच होते.

माझा डाव गणिताच्या एका प्राध्यापकांशी पडला. त्यांनी लवकरच वजिरावजिरी केली. वजीर गेला की पोरीचं काही चालणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा. मला तेच हवं होतं. हत्ती आणि प्यादी उरल्यावर मी दोन प्यादी सोडून दिली आणि राजा त्यांच्या प्याद्यांमागे नेऊन बसवला. त्यांचा हत्ती बचावातच अडकला. माझं प्यादं वजीर व्हायला एक घर उरलं, तेव्हा त्यांनी मोहरे आवरले आणि सेक्रेटरींना हाक मारली. ही मुलगी एका जगज्जेत्याचा डाव पाठ करून खेळते आहे, असं त्यांनी सांगितलं.

सेक्रेटरींनी मला पुस्तक वाचतेस का, असं विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी फळ्यावर दोघांच्या नावापुढे अर्धा-अर्धा गुण लिहिला.

मी म्हणाले, "पाठ केलेला डाव खेळायचा, तर समोरच्यानेही पुस्तकातल्याच चाली कराव्या लागतात. सरांनी त्या केल्या का?"

मागच्या बाकावरून कोणी तरी हसलं. खडू हातात धरूनच सेक्रेटरी म्हणाले, "नियम आम्हाला माहीत आहेत." बाबा भिंतीपाशीच उभे राहिले. मी पुढच्या फेरीला बसायला नकार दिला आणि आम्ही निघालो. वाटेत बाबा म्हणाले, त्यांच्याकडे तसा नियम असेलही. मला बाबांचाही राग आला. घरापर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

काही आठवड्यांनी सीताबर्डीवर ते प्राध्यापक भेटले. त्यांनी स्वतःहून मला थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "शेवट फार सुंदर खेळलात तुम्ही. मला असा शेवट जमला नसता."

"मग हे तिथे का नाही बोललात?"

त्यांनी घड्याळ पाहिलं, तास आहे म्हणाले आणि गेले. आरोपापेक्षा ते कौतुक मला जास्त लागलं.

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. आवाज चढवताना मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. "म्हणजे त्याले समजलं होतं? समजूनही अर्धा गुण घेतला त्यानं?" पुढल्या वर्षी तू नाव देच, नाव द्यायला मीही येतो, असं ते म्हणाले.

आम्ही गेलो. या वेळी बाबाच टेबलापुढे उभे राहिले. सेक्रेटरींनी अगदी अदबीने सांगितलं की महिलांसाठी यंदा वेगळा गट केला आहे, आता काही तक्रार राहणार नाही. त्या गटात माझं एकटीचंच नाव आलं. पुरेशा खेळाडू नाहीत म्हणून तो गट रद्द झाला, आणि खुल्या गटाची मुदत तोवर संपली होती.

नंतर मी शिक्षिका झाले आणि शाळेतल्या मुलींना खेळायला शिकवलं. माझा राग कमी झाला का, असं लोक विचारतात. नाही झाला. तो डाव मी जिंकला होता.