टर्बो की आईचा मणका

आमच्या चाकण पट्ट्यात कुणाला गाडीबद्दल सल्ला विचारू नये. इथं जो तो गाडीचा एकेक तुकडा बनवतो आणि त्याला तेवढाच तुकडा दिसतो. गिअरवाल्याला गिअर, काचवाल्याला काच. माझा धाकटा भाऊ सीट बनवणाऱ्या कंपनीत आहे. शोरूममध्ये शिरल्या शिरल्या त्यानं एका गाडीच्या सीटमध्ये बोट खुपसलं आणि निकाल देऊन टाकला, "ताई, हीच घे. फोम बघ." मीही कमी नाही. मी शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या टेस्टिंगला आहे, त्यामुळे गुडघे टेकून गाडीखाली डोकावले. सेल्समनला वाटलं बाईंचं काहीतरी पडलं.

दोन गाड्या होत्या, दोन्ही छोट्या, आमच्या पार्किंगमध्ये मावतील अशा. एक मऊ. ऑटोमॅटिक, खड्ड्यातून अलगद जाणारी, आणि चढ आला की धापा टाकणारी. दुसरी टर्बो. बसकी, अंगानं कडक, पाय दाबला की सुटलीच. मला टर्बो हवी होती. आडपडदा कशाला, हवी होती म्हणजे हवी होती. लग्नाआधीपासून मी कंपनीच्या बसनं जाते. बस ट्रेलरच्या मागं रांगते आणि मी खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्या पुढं जाताना बघते. आता पगार माझा, लायसन माझं, मग गाडीही माझ्या मनाची. नवऱ्याला स्टिअरिंगचं वावडं आहे, तो यात पडलाच नाही.

आडवा आला तो आईचा मणका. मणक्याचं दुखणं सुरू झाल्यापासून आई रहाटणीला माझ्याकडे असते. तिची थोरली बहीण, माझी मावशी, चाकणच्या पलीकडे आमच्या गावात अंथरुणाला खिळलेली आहे. फोनवर मावशीला ऐकू येत नाही. आणि आई रिक्षात बसली की दुसऱ्या दिवशी तिला कूस बदलता येत नाही. दिवाळीपासून दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. दर रविवारी आईला मावशीकडे न्यायचं, गाडी घ्यायची ती मुळात यासाठी.

शोरूमवाले टेस्ट ड्राइव्ह देतात ती गुळगुळीत रस्त्यावर. मी म्हटलं, तो रस्ता तुमचा तुम्हाला ठेवा, आम्ही मोशीच्या पुढं खड्ड्यांत नेणार. सेल्समन तोंड वाकडं करून माझ्या शेजारी बसला, भाऊ आणि आई मागं. टर्बो अशी सुटली की मला हसू आवरेना. एक ट्रेलर मागं टाकला, दुसरा टाकला. मग खड्डा आला आणि मागून आईचा आवाज आला, "आगं आई गं." पुढच्या स्पीडब्रेकरला आवाजही आला नाही. आरशात बघितलं तर तिनं ओठ दाबून धरले होते.

"कुणाशी शर्यत लावायचीय तुला या वयात?" भाऊ म्हणाला.

"मला काय न्हाई झालं," आई म्हणाली. "घे तुला पायजे ती." आई असं म्हणाली की समजायचं, जाम दुखतंय.

मऊ गाडीत ती सुखानं बसली. मी चढावर पाय दाबला, गाडीनं जरा विचार केला, मग निघाली. भाऊ म्हणाला, "ठरलं." सेल्समननं पेढे मागवले. मी म्हटलं, पेढे राहू देत, अजून काही ठरलेलं नाही.

मला राग आला होता. आईचा नाही, भावाचाही नाही. बाईनं एक वस्तू स्वतःसाठी मागितली की कुणाचा तरी मणका आडवा येतो, याचा राग. पण आईला मावशीकडे नेता येत नसेल तर ती टर्बो काय चाटायची आहे? मला दोन्ही पाहिजे होतं, आणि दोन्हीतलं एकही सोडायची माझी तयारी नव्हती.

सोमवारी कंपनीत नव्या ट्रेनींना नेहमीचं सांगत होते. मागच्या चाकांवर बसणाऱ्याला दणका जास्त, दोन चाकांच्या मध्ये बसणाऱ्याला कमी. बोलता बोलता माझंच मला ऐकू आलं. आईला बसवलं होतं कुठं? मागच्या चाकांवर. कुणी सांगितलं नव्हतं, पण आमच्याकडे बाया मागंच बसतात. आधी कुणाची तरी उसनी आणलेली गाडी वडील चालवायचे आणि शेजारी भाऊ, पुढं भाऊ चालवायला लागला आणि शेजारी जावई. लग्नाला जाताना, दवाखान्यात जाताना, आई कायम मागं. दणके मोजायचा पगार घेणारी मी, पण माझ्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी पुन्हा गेलो. सेल्समनला मागं भावाजवळ बसवलं, आईला पुढं माझ्या शेजारी. आईच्या कमरेमागं गोधडीची घडी लावली, सीट थोडी कलती केली आणि टर्बो त्याच रस्त्याला घातली. तोच खड्डा आला. मी जरा हळू घेतली, मग पाय दाबला.

"दुखलं का गं?"

"हाय थोडं. सोसंल." ती माझ्याकडे बघतच नव्हती. समोर बघत होती. मग म्हणाली, "एवढा रस्ता असतो व्हय म्होरं? मला वाटायचं गाडीत बसलं की मानसांच्या मानाच दिसत्यात."

मी पुढचा ट्रेलर मागं टाकला.

सोमवारी सकाळी आई आपली आपण कूस बदलून उठली. चहा ठेवायच्या आधी मी बुकिंगचा फोन केला.

गाडी आल्यावर पहिल्या रविवारी मावशीकडे निघालो तेव्हा भाऊही आला. त्याचे पाय लांब. त्यानं पुढचं दार उघडलं आणि लाडानं म्हणाला, "आई, तू मागं निवांत आडवी हो. अख्खी सीट तुझी."

आईनं त्याचा हात दारावरून बाजूला केला.

"तू हो आडवा," ती म्हणाली. "मनका बरा झाला तरी मी म्होरंच बसनार."