मामाची काविळीची माळ

पेण तालुक्यात असा माणूस सापडणं कठीण, ज्याच्या डोळ्याची खालची पापणी माझ्या मामाने ओढून पाहिली नाही. एस.टी.चा कंडक्टर, लग्नात बोहल्यावर उभा असलेला नवरा, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांच्या वाट्याला ते आलं. नमस्कार नाही, पाणी नाही, आधी अंगठा डोळ्याखाली. याचं मूळ आमच्या घरातल्या एका मरणात आहे. माझी आजी मिठागरात राबायची. ती पोट फुगून गेली तेव्हा मामा जेमतेम मिसरूड फुटलेला होता आणि माझी आई परकरात. गावाने करणी ठरवली. आजीच्या घरचं पाणी कोणी पिईना. मग या दोघा भावंडांनी तेच मिठागर धरलं, खारट पाण्याने तळपाय चिरले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खाचरात. पुढे मामाला स्वतःला कावीळ झाली, तेव्हा डोंगराकडच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावर मुळ्यांच्या तुकड्यांची माळ ठेवली. टोपीएवढी माळ हळूहळू लांब होत गळ्यात आली, मग छातीवर आली, आणि तोवर मामाच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला. त्याच्या आईचा आजार कोणाला दिसलाच नव्हता. हा आजार दिसत होता आणि उतरतानाही दिसत होता. मामाला एवढं पुरे झालं. तो ती माळ शिकला आणि जन्मभर देत राहिला, कोणाकडून सुपारीसुद्धा न घेता.

पोटापाण्याला तो पुढे जवळच्या जोहे गावातल्या गणपती कारखान्यात लागला, डोळे आखायच्या कामावर. हात असा की मूर्ती वळून बघेल असं वाटावं. पण एकदा कोणीतरी बुबुळाभोवती जुना, जरासा पिवळट पांढरा रंग लावला, तर मामाने आखलेली सगळी रांग परत घासायला लावली. मालक ओरडला तर म्हणाला, “कावील झालेला देव लोकं घरी नेतील काय?” पेशंटही तिथेच यायचे. रोह्यापासून माणसं मोटारसायकलवर मागे बसून यायची आणि डोक्यावर माळ घेऊन मूर्तींच्या रांगेत गप्प बसायची. पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला देव कुठले आणि आजारी कुठले ते पटकन कळायचं नाही. त्यातले बहुतेक बरे व्हायचे. खराब पाण्याने होणारी कावीळ पुष्कळदा आपली आपण बरी होते. पण यश मामाच्या नावावर जमा होत गेलं.

आमच्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते मला फुकट मिळालेलं नाही आणि मामाशिवायही मिळालेलं नाही. कॉलेजच्या ॲडमिशनला तोच आला होता, आणि खिडकीत हात घालून त्याने क्लार्कचा डोळा तपासला होता. डिग्री आल्यावर मी त्याला समजवायला लागले की मुळ्या ओल्या असतात तेव्हा जाड असतात, वाळल्या की बारीक होतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांब होते. खात्री पटावी म्हणून एक माळ मी माठाच्या तोंडावर ठेवली. तीही यथावकाश माठाच्या पोटापर्यंत उतरली. मामाने माठात वाकून पाहिलं. मग म्हणाला, “पानी कुठलं भरलंस गो यात?”

रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत मी लॅबमध्ये लागले, रोह्यात खोली घेतली, लग्न झालं. कंपनीत रक्तदान शिबिर होतं. मी मोठ्या ऐटीत रक्त दिलं आणि चार दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला की येऊन भेटा. मला हिपॅटायटिस बी होता, म्हणजे रक्तातली कावीळ. कधी डोळे पिवळे झाले नाहीत, कधी पोट दुखलं नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो आईबद्दल. आईची तपासणी केली, तिलाही होता. हा आजार एका ताटात जेवल्याने होत नाही. रक्तातून होतो, आणि आमच्याकडे तो बहुधा बाळंतपणात आईकडून लेकराकडे येत राहिला होता. आजीच्या करणीचा छडा असा लागला. लहानपणी शिरलेला हा विषाणू लिव्हरमध्ये ठाण मांडून बसतो आणि वर्षानुवर्षं कळू देत नाही. “मामांची तपासणी लवकर करा,” डॉक्टर म्हणाले.

मामा ऐकतोय कसला. “माझी उतरलीय,” तो म्हणाला. “पंचक्रोशीनं बगितलीय उतरताना.”

“मामा, ती उतरली असेल. ही आत बसते. डोळ्यात दिसत नाही.”

“जी डोल्यात दिसत नाय ती कावील कसली?”

“म्हणूनच रक्त तपासायचं.”

“तू शिकलीस, मना आनंद हाय. पन रगात माझं हाय.”

महिने असेच गेले. मी जाऊन भांडायची, तो मला जेवायला वाढायचा. मग तो वाळायला लागला. उजव्या बरगडीखाली दगड ठेवल्यासारखं वाटतं म्हणायचा. आणि त्याने काय केलं, तर स्वतःच्याच डोक्यावर माळ ठेवली. माळ नेहमीप्रमाणे लांब झाली, शर्टाच्या शेवटच्या बटणापर्यंत आली, आणि मामा समाधानाने कामावर गेला. शेवटी आईने माझ्याहून वेगळा मार्ग काढला. तिला रोजची गोळी सुरू झाली होती. ती म्हणाली, “दादा, तू रगात देत नाय तवर मी गोली खात नाय.” दुसऱ्या दिवशी मामा पेणला लॅबच्या दारात, बाही वर करून, कुलूप उघडायची वाट बघत उभा होता.

सोनोग्राफीत गाठ दिसली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी लिव्हरचा कॅन्सर सांगितला, आणि ऑपरेशनची वेळ टळून गेली असंही सांगितलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला नीट समजावलं. विषाणूमुळे लिव्हर सुजतं, भरून येतं, पुन्हा सुजतं. भरलेल्या जागी व्रण राहतात, आणि नव्या पेशी बनता बनता एखादी चुकीची बनते, ती वाढतच जाते. मामाने मान हलवली. “साचा बिघडला,” तो म्हणाला. “डागडुजी करून करून वापरला की एक दिवस भलतीच मूर्ती निघते.” मग तिच्या डोळ्याकडे त्याचा अंगठा निघाला होता, तो मी मधल्या मध्ये पकडला.

कॅन्सरपेक्षा त्याला दुसरंच लागलं. लिव्हर गेलं म्हटल्यावर गावाने ठरवलं की हा चोरून पीत होता. मामा शिमग्यालासुद्धा सरबतावर भागवणारा माणूस. जे भेटेल त्याला तो थांबवून सांगायचा, “मरनाचं काय नाय रे. पन मी प्यालो नाय.” लोक म्हणायचे, व्हय व्हय, आणि पुढे गेल्यावर हसायचे. मी त्यातल्या दोघांना भर नाक्यावर काय ते सुनावलं. त्याने मामाला बरं वाटलं आणि लोकांना काही फरक पडला नाही.

माळ मात्र त्याने बंद केली. म्हणजे माणसं यायची, तर तो त्यांना आधी रक्त तपासायला पाठवायचा. “आतली हाय का बाहेरची ते बघून या.” काही चिडून जायचे. काही तपासून यायचे, आणि त्यातल्या एका सुनेला माझ्यासारखाच आजार निघाला. तिला औषध सुरू झालं. मामाने ते कौतुकाने सांगितलं नाही. आजवर माळ देऊन घरी पाठवलेल्यांची नावं तो बोटांवर मोजत बसला.

मला दिवस गेले होते. डॉक्टरांनी मला शेवटच्या महिन्यांत गोळ्या दिल्या आणि बजावलं की बाळाला जन्मल्याबरोबर लस आणि सोबत आणखी एक इंजेक्शन द्यायचं, त्यात उशीर चालणार नाही. मी भरती झाले त्या सकाळी मामा रिक्षा करून आला. पोटात पाणी झालं होतं, पाय सुजले होते. तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला आणि येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक सिस्टरला विचारत राहिला, “सुई आनून ठेवलीय ना?”

“बाबा, बाळ तर होऊ द्या आधी,” एकजण म्हणाली. “तुम्ही पेशंट का नातेवाईक?”

“दोनी.”

मुलगी झाली. दोन्ही इंजेक्शनं दिली असं सिस्टरने बाहेर जाऊन सांगितलं, तर म्हणाला, “मना बघू दे.” तिने बाळाच्या मांड्यांवरचे कापसाचे बोळे दाखवले, तेव्हा कुठे तो उठला. आई सांगते, चालताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागत होता.

त्यानंतर तो फार दिवस नव्हता. कारखान्यात त्या वर्षीचे डोळे दुसऱ्या कोणीतरी आखले, चांगलेच आखले. मी आणि आई गोळ्या घेतो, ठरल्या वेळी सोनोग्राफी करून येतो, आणि गावात विचारलं तर आजाराचं नाव न लाजता सांगतो. मुलीच्या लसी पूर्ण केल्या. तिचा पहिला वाढदिवस झाल्यावर रोह्याला तिचं रक्त तपासलं. तिला हा आजार नाही.