पांढऱ्या फुलांचे काटे

मैत्रिणींनो, आज पासलीला जाऊन आले. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या हौसाबाईंच्या लेकीचं, मंदाचं, बाळ पहाटे गेलं. तीन दिवसांचं होतं. मी पोहोचले तोवर त्याला बांधापलीकडे पुरूनही झालं होतं.

भोरहून मी गुलाब नेले होते. हौसाबाई म्हणाल्या, "फुलं नगंत, बाई. काटं लागत्यात. कोल्हं उकरत्यात रातीचं."

मग आम्ही दोघींनी करवंदीच्या फांद्या तोडून मातीवर रचल्या. करवंदी पांढऱ्या फुलांनी भरली होती आणि माझे हात ओरबाडून निघाले होते.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला 'ओबेपिन' हा फ्रेंच शब्द शिकवला होता. त्यांच्या गावाकडच्या, पांढरी फुलं येणाऱ्या एका काटेरी झुडपाचं ते नाव. लॅटिनमधले 'पांढरा' आणि 'काटा' हे दोन शब्द जोडून झालेलं. तेव्हा ते इतकं नाजूक वाटायचं की मी वहीच्या कव्हरवर लिहून ठेवलं होतं. त्यातला काटा मला आज समजला.

परत आलो तर मंदा दाराला टेकून बसली होती. ओली बाळंतीण म्हणून तिला मातीला येऊ दिलं नव्हतं.

"काटं गच्च लावलं न्हवं, बाई?"

"हो गं. कुणाचा हात आत जायचा नाही."

ती मग म्हणाली, "माजा बी न्हाई?"

तुम्ही असता तर काय सांगितलं असतं तिला?